हा डबा आमचा नाही

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी एक डबा उलटा करून त्याच्या बुडावरचे नाव वाचले आणि दारात उभ्या असलेल्या काकूंना म्हणालो, "काकू, हा डबा आमचा नाही." वाक्य एवढेच होते. त्यात उद्धटपणा नव्हता, थोडी घाई असेल. पण ते वाक्य अजून माझ्या मागे लागलेले आहे. दात घासताना, सिग्नलला थांबलेलो असताना, भाजी निवडताना ते मला माझ्याच आवाजात पुन्हा ऐकू येते.

काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि सगळ्यांनाच घरे रिकामी करून द्यायची आहेत. त्यामुळे गेले कित्येक आठवडे जिन्यातून जाताना पुठ्ठ्याची खोकी, सुतळीने बांधलेले रद्दीचे गठ्ठे आणि कोणालाच नको असलेल्या कुंड्या यांच्यातून वाट काढावी लागते. कोथरूडमधल्या १९७८ सालच्या या तीन मजली इमारतीला लिफ्ट नाही. काकूंचे दोन्ही गुडघे केव्हाच थकले. दुधाची पिशवीसुद्धा त्या दोरीला टोपली बांधून वर ओढून घेतात. तरीही त्या तो डबा घेऊन स्वतः एक मजला उतरून आल्या होत्या. साधा, कडीचा, स्टीलचा डबा. तळहातावर बसेल एवढा, एका बाजूने किंचित चेपलेला. "आवरताना सापडला. तुझ्या आईचा आहे," असे म्हणून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, तेव्हा आत काहीतरी सरसरले. भांडे रिकामे परत देऊ नये म्हणून त्यांनी मूठभर साखर घातली होती. मी सवयीने झाकण दाबून धरले आणि डबा उलटा केला. बुडावर बारीक टिंबांनी कोरले होते : 'कु.', त्यापुढे एक चार अक्षरी नाव, मग दोन आद्याक्षरे आणि त्याखाली १२-७-६२. आमच्या घरात 'कु.' म्हणवून घेणारे कोणी नव्हते. मला बहीण नाही आणि दोन्ही आत्यांची नावे वेगळी. म्हणजे डबा दुसऱ्या कोणाचा तरी असणार, हे उघड होते.

"बरं," काकू म्हणाल्या. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिले, डबा परत घेतला आणि कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या वर गेल्या. मी दार लावून पुन्हा खोक्यांकडे वळलो. दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे राहिली नाही, याचे मला थोडे समाधानही वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली ती त्या तारखेने.

बारा जुलै ही तारीख पुण्यातल्या एका पिढीला समजावून सांगावी लागत नाही. १९६१ च्या त्या बुधवारी सकाळी पानशेत फुटले, मागोमाग खडकवासल्याचा बांधही गेला आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आईचे माहेर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर होते. डब्यावरचे साल मात्र बासष्ट होते. पुराच्या बरोबर एक वर्षानंतरची तारीख घालून कोणी कशाला डबा करून घेईल, असा प्रश्न अंधारात पडल्या पडल्या मनात आला आणि त्याचे उत्तर मला ठाऊक होते. ते मी लहानपणी वीस वेळा तरी ऐकले होते. मग ते चार अक्षरी नावही आठवले. ते आईचे होते.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आईला आपले नाव कुठेही छापून आलेले आवडत नसे. माझ्या मुंजीच्या पत्रिकेतही तिने वडिलांच्या नावापुढे नुसते 'सौ. व श्री.' एवढेच घालायला लावले होते.

खरे तर या चुकीला मी सर्वांत कमी पात्र होतो, कारण मी अक्षरओळखच भांड्यांच्या बुडांवर शिकलो. ही गोष्ट आई पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगत असे. दुपारी ती तांदूळ निवडायला बसली की घासून पालथी घातलेली भांडी माझ्यापुढे असत. मागच्या खिडकीतून येणारे ऊन त्यांच्यावर पडले, की कोरलेली नावे चमकू लागत. जुन्या भांड्यांवरची अक्षरे सलग रेघेची नव्हती. छिन्नीच्या बारीक ठोक्यांनी उठवलेली टिंबांची रांग असे ती, आणि बोट फिरवले की खरखरीत लागे. नंतरच्या काळातली नावे दुकानात उभ्याउभ्या विजेच्या यंत्राने घातलेली, त्यांची रेघ सलग आणि थोडी थरथरलेली. त्यामुळे भांड्याचे वय मला डोळे मिटून बोटाने सांगता येई. पूर्ण शब्दांच्या आधी मी संक्षेप शिकलो : 'चि.', 'सौ.', 'रा. रा.', 'कै.' यांतल्या शेवटच्याचा अर्थ मी विचारला, तेव्हा ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकत आई म्हणाली होती, "म्हणजे ते माणूस आता भांडं मागायला येणार नाही."

घरातल्या भांड्यांचा सगळा इतिहास तिच्या तोंडात असे. तपेले वडिलांच्या आजीचे, परात थोरल्या आत्याच्या लग्नातली, पितळेचा कुंडा तिच्या मावशीने बारशाला दिलेला, फिरकीचा तांब्या कोणी काशीला नेलेला. रात्री मांजराने काही पाडले, की ती बाहेरच्या खोलीतून, डोळेसुद्धा न उघडता, नुसत्या आवाजावरून कोणते भांडे पडले ते सांगे आणि कूस बदलून झोपे. कोणाकडे काय गेले आहे, कोणाचे काय आपल्याकडे आहे, याची वही तिने कधी ठेवली नाही. कार्याला मागून आणलेली भांडी परत करायच्या दिवशी ती ओट्याजवळ उभी राहून एकेकाचे बूड वाचत आणि ढीग लावत जाई. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक वेगळीच गंभीर एकाग्रता असे. ती कुठून आली होती, हे मला फार उशिरा समजले.

शुद्धलेखनाच्या बाबतीत मात्र ती भांड्यांनाही माफ करत नसे. १९८५ च्या वैशाखात माझी मुंज झाली, त्या वेळी वाटण्यासाठी दीडशे वाट्या आणल्या होत्या. वडील दुकानातून पोते घेऊन आले. आईने पहिली वाटी उलटी केली आणि ती खाली बसली. 'मुंजीप्रित्यर्थ' असे, ऱ्हस्व 'प्रि' घालून, दीडशे वेळा कोरलेले होते. वडिलांना त्याच पावली परत पाठवण्यात आले. धातूवरचे अक्षर पुसता येत नाही, हे दुकानदाराचे म्हणणे बिनतोड होते. त्याने वाटीमागे काही पैसे सोडले आणि प्रश्न त्याच्यापुरता मिटला. आईपुरता तो कधीच मिटला नाही. आमच्या अर्ध्या नातेवाइकांकडे माझी मुंज आजही ऱ्हस्व आहे, असे ती शेवटपर्यंत म्हणत असे. त्याच वर्षी अधिक श्रावण आला. आजीने जावयाला वाण म्हणून तेहतीस अनारसे घालून तांब्याचे ताम्हन दिले, त्यावरचे 'शके १९०७' मात्र तिने भिंग घेऊन तपासले आणि मग हसून आजीला म्हणाली, "पास." ते अनारसे फार जाळीदार झाले होते. मी देवापुढून दोन चोरले होते आणि तेहतीसचे एकतीस झाल्याचे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून उरलेले विरळ मांडून ठेवले होते; तिच्या ते लक्षात आले होते, पण ती बोलली नाही.

बोहारीण दारावर आली की वेगळाच खेळ चाले. दोन साड्या, एक पँट आणि वर एक जुना शर्ट यांच्या बदल्यात पातेले मिळवण्यासाठी आई अर्धा अर्धा तास जिन्यात बसून घासाघीस करी. शेवटी दोघी जणी चहा पीत आणि सौदा तुटला असे वाटत असतानाच जुळे. पण बोहारणीकडून घेतलेल्या भांड्यांवर तिने कधी नाव घातले नाही. घरात कोणतेही भांडे आले, की ते महिन्याभरात नाव घालायला जायचे, हा नियम या भांड्यांना लागू नव्हता. त्याचे कारण मी विचारले होते. "त्यांना आधीचं घर नाही," असे काहीसे ती म्हणाली होती. मला ते तेव्हा समजले नाही आणि आजही पूर्ण समजले आहे असे वाटत नाही. वडील गेल्यावर बोहारीण पहिल्यांदा आली आणि दबक्या आवाजात त्यांच्या कपड्यांबद्दल विचारू लागली, तेव्हा आईने तिला चहा दिला आणि "अजून नाही," एवढेच सांगितले. तिसऱ्या वर्षी तिने सगळे कपडे एकदम देऊन टाकले आणि बदल्यात काहीही घेतले नाही. वडिलांनंतर आमच्या घरात कोणत्याच भांड्यावर नाव घातले गेले नाही. 'सौ.' लिहिलेली भांडी ढीगभर आहेत; 'श्रीमती' लिहिलेले एकही नाही.

आता त्या पुराकडे यायला हवे.

आई तेव्हा नऊ वर्षांची होती. सकाळी गल्लीत पळापळ सुरू झाली, तेव्हा आजीने चुलीवरचा भात तसाच उतरवून पातेल्यासकट बरोबर घेतला आणि पाच मुलांना पुढे घालून ती उंचावरच्या एका शाळेत जाऊन बसली. त्या भाताची चव आई आयुष्यभर सांगत असे. तो अर्धा कच्चा होता, त्यात मीठ नव्हते, पण तो शाळेतल्या कितीतरी मुलांना घासघास पुरला. तिसऱ्या दिवशी आजोबांबरोबर ती घर बघायला गेली. वाडा मातीच्या भिंतींचा. "भिंत पडत नाही रे," ती सांगे, "बसते. दमलेली बाई बसते ना, तशी." घर होते तिथे गुडघाभर चिखल आणि त्यातून वर आलेली तुळया-वाशांची टोके होती. आणि वास. त्या वासाचे वर्णन ती कधी करू शकली नाही. पावसाळ्यात तळघरासारखा कुबट वास कुठे आला, की ती नाकाला पदर लावून तिथून निघून जाई. तेवढ्यावरून आम्ही तो वास ओळखला.

मोठी माणसे चिखलात फावडी घालत होती आणि हाताला लागेल ते काढून कडेला टाकत होती. कोणाच्या घरातले काय वाहून कोणाच्या दारात येऊन थांबले होते, याचा काही हिशेब राहिला नव्हता. मग कोणीतरी या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात चिंधी दिली आणि तिला भांडी पुसून नावे वाचायला बसवले. ती चिखल पुसायची, बोटाने टिंबे चाचपायची आणि मोठ्याने नाव वाचायची. नाव ऐकले की गल्लीतून कोणीतरी "आमचं, आमचं" म्हणत यायचे, भांडे छातीशी धरून उभे राहायचे आणि बायका तर रडायच्या, असे ती सांगे. एका तांब्याच्या घागरीवरचे नाव तिने तीन वेळा वाचले. ती न्यायला कोणी आले नाही. घागर दुसऱ्या दिवशीही तिथेच होती. तिसऱ्या दिवशी ती दिसेनाशी झाली. कोणी नेली असेल, पण ज्यांची होती त्यांनीच नेली असेल का, हा प्रश्न आईने मला विचारला होता, तेव्हा ती साठीच्या पुढे गेलेली होती.

आजोबांच्या नावाची सात भांडी मिळाली. बाकीचा संसार नातेवाइकांनी उभा करून दिला. कोणी ताटे पाठवली, कोणी पातेली, कोणी कळशी. प्रत्येकावर देणाऱ्याच्या घरातले नाव. "दोन वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या नावांत जेवलो," असे आई म्हणत असे. तक्रारीच्या सुरात मुळीच नाही, उलट त्यातली गंमत सांगावी तसे. कोणाच्या वाट्याला 'रा. रा.' आले आणि कोणाच्या वाट्याला 'कै.' यावरून भावंडांत भांडणे होत. 'कै.'चे ताट कोणालाच नको असे. मग पुराला वर्ष झाले, त्या दिवशी आजीचा मुंबईचा भाऊ आला. त्याने भाचरांसाठी पाच डबे आणले होते. तेव्हा घरात स्टील असणे ही सांगण्यासारखी गोष्ट होती. घासायला राख-चिंच नको, कल्हई नको, आणि त्यात तोंड दिसते, याचेच अप्रूप. प्रत्येक डब्यावर एकेका मुलाचे नाव आणि त्या दिवशीची तारीख त्याने आधीच घालून घेतली होती. आईने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "वर्ष काढलंत ना तुम्ही, म्हणून."

ही गोष्ट मी वीस वेळा ऐकली. त्या पाच डब्यांचे पुढे काय झाले, असे मी एकदाही विचारले नाही. गोष्टीतली वस्तू गोष्टीतच असते, असे माझे गृहीत असावे.

आईचे लग्न १९७४ साली झाले आणि ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. ते वडिलांनी निवडले होते. त्यांना ते मनापासून आवडत असे आणि ते नाव खरोखरच गोड आहे. तिची त्याबद्दल काही कुरकुर असल्याचे मला आठवत नाही. ती एवढेच सांगे, की पहिला महिनाभर तिला हाक मारलेली कळतच नसे. दोन-दोनदा हाका मारूनही सून वळून बघत नाही, हे पाहून सासूबाईंनी वडिलांना एकीकडे घेऊन, मुलीला ऐकायला कमी येते का, हे आधी का विचारून घेतले नाही, असे झापले होते. हे सांगताना तिला हसू आवरत नसे. आम्हीही हसत असू. माहेरी भावंडे तिला 'ताई' म्हणत. जुने नाव घेणारी एकटी आजी उरली होती आणि आजी १९९१ मध्ये गेली. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यानंतर ते नाव आमच्या घरात कोणी उच्चारलेले मी ऐकले नाही.

ऐकले नाही, पण वाचले होते, आणि हीच गोष्ट मला झोपू देत नव्हती. आई गेली त्याला आता सहा वर्षे होतील. तेव्हा एका कार्यालयात तिच्या जुन्या कागदपत्रांचा प्रश्न निघाला, कारण शाळेच्या दाखल्यावर एक नाव होते आणि पुढच्या सगळ्या कागदांवर दुसरे. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितले. मी टंकलेखकाच्या टेबलासमोर उभा राहून मजकूर सांगितला, मुद्रांकपत्रावर सही केली आणि शपथेवर लिहून दिले, की अमुक आणि अमुक ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. ते चार अक्षरी नाव मी स्वतः उच्चारले असणार, टंकलेखकाने ऱ्हस्व-दीर्घ विचारले असणार. कामे उरकायची होती. नाव कानात शिरलेच नाही.

आणि श्राद्धाच्या वेळचे तर आणखी वेगळे. गुरुजींनी आईचे, तिच्या सासूचे आणि सासूच्या सासूचे नाव विचारले. पहिली दोन मला आली. तिसरे वडिलांच्या बाजूच्या कोणालाच आठवेना, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेलो, फडताळाच्या तळातले तपेले ओढून उलटे केले आणि पणजीचे नाव वाचून आलो. गुरुजी कौतुकाने हसले. मलाही माझा अभिमान वाटला. पणजीचेही ते सासरचेच नाव होते. तिला लहानपणी काय म्हणत असत, हे सांगणारे भांडे जगात कुठे असेल तर ते आमच्या घरात नाही. पिंडाला कावळा मात्र आईच्या दहाव्याला लगेच शिवला होता. काही राहिले आहे का, कोणाचे काही द्यायचे-घ्यायचे आहे का, अशी विचारणा करायची वेळच आली नव्हती. सगळ्यांनी समाधानाचा सुस्कारा सोडला होता.

सकाळी सातला मी वरच्या मजल्यावर गेलो. काकूंचे घर जवळजवळ रिकामे झाले होते. बाहेरच्या खोलीत खोक्यांची थप्पी, भिंतीवर फोटो काढलेल्या जागी फिकट चौकोन, आणि स्वयंपाकघरात एक पातेले, एक गाळणे आणि दोन कप एवढाच संसार उरलेला. कोपऱ्यात भंगाराचे पोते तोंड बांधून ठेवलेले दिसले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. डबा गेला असे मी धरूनच चाललो. काकूंनी चहा ठेवला. मी काही बोलण्याआधीच त्या आतल्या खोलीत गेल्या आणि हातात धरायची प्रवासाची पिशवी घेऊन आल्या. औषधांच्या पुड्या, चष्म्याचे घर, पोथी आणि त्यांच्याशेजारी रुमालात गुंडाळलेला तो डबा होता. भंगारात तो कधी जाणारच नव्हता. तो त्यांच्याबरोबर जाणार होता.

"तुझी आई दुपारी वर यायची ना, गच्चीत वाळवणं बघायला," त्या म्हणाल्या. मला ते आठवत होते. उन्हाळ्यात कुरडया-पापड राखायला जाते म्हणून आई जाई आणि तासतासभर खाली येत नसे. माझी परीक्षा असली तर मला त्याचा रागही येई. "तेव्हा हा डबा असायचा तिच्या हातात. गूळपापडी, नाहीतर दाण्याची चटणी, नाहीतर नुसतेच फुटाणे. मी परत देताना काहीतरी घालून द्यायची. असं तीस-पस्तीस वर्षं वरखाली चाललं. शेवटच्या खेपेला माझ्याकडे राहिला आणि ती आजारी पडली." काकूंनी डब्याच्या बुडावरून अंगठा फिरवला. "पहिल्यांदा आणला तेव्हा मी विचारलं होतं, हे कोण म्हणून. ती म्हणाली, मी. मग मी पण माझं सांगितलं. गच्चीत आम्ही एकमेकींना त्याच नावांनी हाका मारायचो. खाली आलो की परत मी काकू आणि ती वहिनी."

मी विचारले, मग काल तुम्ही मला सांगितले का नाही.

"तिनंच तुला कधी सांगितलं नाही, तर मी कोण सांगणारी?" काकूंनी चहा गाळला. थोड्या वेळाने कप माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "आणि तू म्हणालास ना, हा आमचा नाही, ते काही खोटं नव्हतं. तुमचा कुठे होता तो?"

चहात साखर कमी होती. सगळे डबे खोक्यांत गेले होते आणि कालची मूठभर साखर त्यांनी त्यात संपवली होती. मी म्हणालो, डबा तुमच्याकडेच राहू दे. मनापासून म्हणालो, निदान तोंडातून निघाले तेव्हा तरी मनापासून होते. मग माझा हात डब्याकडे गेलेला मला दिसला, आणि काकूंनाही तो दिसला असावा. चाळीस वर्षे ज्यांना मी काकू म्हणत आलो, त्यांचे गच्चीतले नाव विचारावे, असे तेव्हा फार मनात आले. विचारले नाही. ते मला सांगण्यासाठी नव्हते, असे वाटले.

"नको, तू मागायला आलास ना आता," त्या म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला, आत पाहिले आणि तो रिकामा कसा द्यायचा म्हणून त्या स्वयंपाकघरात इकडेतिकडे बघू लागल्या. ओट्यावर काही नव्हते. फडताळे उघडी आणि मोकळी होती. शेवटी त्यांनी पिशवीतला बटवा काढला, त्यातून आलेपाकाच्या दोन वड्या काढून डब्यात टाकल्या, झाकण लावले आणि ते नीट बसेना म्हणून मुठीने वरून एक ठोसा दिला. तो तसाच बसायचा, हे त्यांच्या हाताला माहीत होते. मग डबा माझ्याकडे देताना त्यांनी आईचे ते चार अक्षरी नाव घेतले, सहज, गच्चीच्या दारातून हाक मारावी तसे, आणि म्हणाल्या, "घे. तिचा डबा."

मी जिना उतरू लागलो. आत दोन वड्या वाजत होत्या.